सकर: ज्याचं नाव आपण कधी विचारलंच नाही

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेले अडखळे काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजच्या भागात राजे नाहीत, तह नाहीत, लढाया नाहीत. चिलखत मात्र आहे. आणि ते चिलखत घालणारा आत्ता, मी हे बोलतोय तेव्हा, आमच्या लोहाऱ्याच्या घराच्या गच्चीवर एका सिमेंटच्या टाकीत लाकडाखाली दडून बसलाय. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी कधी काचेची पेटी होती, त्यांच्या ओळखीचा आहे तो. दुकानात त्याला ‘सकर’ म्हणतात. काळपट, ठिपकेदार, खरखरीत, दिवसभर काचेला तोंड चिकटवून बसणारा.

आधी थोडं घरचं सांगतो, कारण इतिहासात शिरलो तो तिथूनच.

लोहारा म्हणजे यवतमाळला लागून असलेलं आमचं गाव. आता एमआयडीसी आणि नवीन लेआउट यांच्यामुळे गाव कुठं संपतं आणि शहर कुठं सुरू होतं ते कळत नाही. २०११ साली, मी आठवीत असताना, बाबांनी दोन फुटांची काचेची पेटी आणली. चार गोल्डफिश, दोन एंजल आणि एक सकर. दुकानदाराने सांगितलं, “हा काच साफ करतो, याला वेगळं खायला घालावं लागत नाही.” बोटाएवढा होता तो. आम्ही त्याला कामाला ठेवल्यासारखं आणलं.

गोल्डफिश वर्षभरात गेले. एंजल गेले. सकर राहिला, आणि वाढत राहिला. मी बारावीत गेलो तेव्हा तो वीतभर होता. मी बीटेकला गेलो आणि सुट्टीत घरी आलो तेव्हा पेटीत त्याला वळायला जागा उरली नव्हती. वळताना शेपटी एका काचेला, तोंड दुसऱ्या काचेला. रात्री दगड ढकलल्याचा आवाज यायचा.

मग २०१८ चा उन्हाळा आला. यवतमाळकरांना तो उन्हाळा वेगळा सांगायला नको. निळोणा आणि चापडोह ही शहराला पाणी देणारी दोन्ही धरणं तळाला गेलेली. नळ कधी येईल याचा भरवसा नाही, टँकरमागे ड्रम घेऊन धावायचं. आणि या माशाचं पोट म्हणजे कारखाना. खातो भरपूर, घाण करतो त्याहून जास्त. आठवड्याला पाणी बदललं नाही तर पेटी गढूळ. एक दिवस मी बादली घेऊन पेटीकडे चाललो तेव्हा आजी म्हणाली, “माणसायले प्याले पाणी नाई, अन् या मासोळीले आंघोळ पायजे!”

उत्तर नव्हतं. घरात ठरलं की मासा धरणात सोडून यायचा. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट शेजारच्या काकू म्हणाल्या की मुक्या जीवाला सोडलं की पुण्य लागतं. बाबा आणि मी रंगाच्या रिकाम्या बादलीत त्याला घेऊन निळोण्यावर गेलो. पाणी खूप आत गेलेलं, काठाला भेगाळलेली माती. तिथं एक म्हातारे ढीवर काका जाळं दुरुस्त करत बसले होते. त्यांनी बादलीत डोकावून पाहिलं.

“काय आनलं भाऊ?”

“मासा सोडाले आलो. सकर हाय.”

“सकर म्हंजे?”

“काच साफ करते हा.”

काकांनी समोरच्या पाण्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. “इथं काच कोठी हाय?”

मंडळी, आम्ही दोघं गप्प. मग त्यांनी एकामागून एक विचारलं. याचं खरं नाव काय? किती मोठा होते? अंडे किती देते? याले खाते कोण? त्यांनी त्याला हातात धरायचा प्रयत्न केला तेव्हा त्याने कल्ल्यामागचे दोन्ही काटे आडवे ताणले आणि ते मांडीवरच्या जाळ्यात असे अडकले की सोडवता सोडवता चार गाठी तुटल्या. काका एवढंच म्हणाले, “हा जाळ्यात आला तं जाळं फाडल्याबिगर निंगनार नाई. घेऊन जा बाप्पा याले.”

आम्ही मासा परत आणला. सात वर्षं घरात असलेल्या जिवाबद्दल चार साध्या प्रश्नांची उत्तरं आम्हाला देता आली नव्हती. ती शोधायला मी बसलो, आणि शोधता शोधता जे सापडलं तो आजचा भाग.

पहिला प्रश्न: याचं नाव काय?

दक्षिण अमेरिकेत चिलखती माशांची दोन मोठी घराणी आहेत. दोन्ही आपल्या शिंगाळ्या-मांगुराच्या, म्हणजे मिशाळ माशांच्या, मोठ्या गोतावळ्यातली. पण आपल्या शिंगाळ्याची कातडी गुळगुळीत, आणि यांच्या अंगावर हाडांच्या पट्ट्या. एक घराणं लोरिकॅरिडी. लॅटिनमध्ये ‘लोरिका’ म्हणजे चिलखत. आपला सकर त्यातला. दुसरं घराणं कॅलिक्थिडी. दुकानातले ‘कोरी’, म्हणजे कोरिडोरस, त्यातले. कोरीच्या अंगावर प्रत्येक बाजूला पट्ट्यांच्या दोनच रांगा असतात, कौलांसारख्या एकमेकांत बसलेल्या. सकरच्या अंगावर जास्त रांगा, आणि तोंड खाली, गोल, चूषकासारखं. ओळखण्याची पहिली पायरी ही. मिशा खाली, तोंड छोटं, तळाची वाळू चाळत कळपाने फिरतो तो कोरी. काचेला चिकटतो तो लोरिकॅरिडी.

युरोपच्या पुस्तकांत या माशाचं आगमनच गोंधळाने झालं. १७५८ साली लिनियसने ‘सिस्टिमा नॅचुरी’ची दहावी आवृत्ती काढली. प्राण्यांना दुहेरी शास्त्रीय नावं देण्याची आजची पद्धत तिथूनच मोजतात. त्यात सुरिनाममधून आलेल्या एका चिलखती माशाला त्याने नाव दिलं ‘अ‍ॅसिपेन्सर प्लेकोस्टोमस’. अ‍ॅसिपेन्सर म्हणजे स्टर्जन, ज्याच्या अंड्यांचं कॅव्हियार होतं तो मासा. दोघांचा काडीचा संबंध नाही. पण स्टर्जनच्या अंगावरही हाडांच्या ढाली असतात, म्हणून हा त्यांच्यात गेला. माणूस कपड्यावरून ओळखला तर होतं तसं. पुढे १८०३ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ लासेपेडने ‘हायपोस्टोमस’ हे नवं कुळ काढलं आणि हा मासा तिकडे गेला. पण ‘प्लेकोस्टोमस’ हा शब्द, म्हणजे घडी पडलेलं तोंड, लोकांच्या जिभेवर बसला. आजही जगभर मासे पाळणारे अशा कुठल्याही माशाला ‘प्लेको’ म्हणतात. खरा हायपोस्टोमस प्लेकोस्टोमस मात्र दुकानात क्वचितच असतो.

मग दुकानात असतो तो कोण? त्यासाठी पाठीवरचा पंख बघायचा. पुढचा जाड काटा सोडून मागच्या मऊ काड्या मोजायच्या. सात भरल्या तर हायपोस्टोमस. दहा किंवा त्याहून जास्त भरल्या तर टेरिगोप्लिक्थिस. मी घरच्या माशाचे फोटो काढून मोजल्या. बारा. पंख पूर्ण उघडला की होडीच्या शिडासारखा दिसतो, म्हणून याला ‘शिडपंखी’ म्हणायला हरकत नाही.

आता टेरिगोप्लिक्थिसमधला कोणता? त्यासाठी पोट बघायचं. मासा काचेला चिकटला की आपोआप दिसतं. पोटावर सुटे सुटे काळे ठिपके असतील तर पार्डालिस. ठिपके एकमेकांत मिसळून अळ्यांसारख्या नागमोडी रेघा झाल्या असतील तर डिसजंक्टिव्हस. पार्डालिसचं वर्णन १८५५ मध्ये फ्रेंच प्रवासी कास्तेलनो याने केलं. नावाचा अर्थ बिबट्यासारखा. डिसजंक्टिव्हसचं वर्णन कधी झालं असेल? १९९१ मध्ये, जिनिव्हाच्या संग्रहालयातल्या क्लोद वेबर यांनी केलं. म्हणजे ज्या वर्षी आपल्याकडे बाजार खुला झाला, त्या वर्षी या माशाला पहिल्यांदा शास्त्रीय नाव मिळालं.

आमच्या माशाच्या पोटावर पुढे ठिपके आणि मागे रेघा. दोन्ही! मला वाटलं माझंच चुकलं. पण नाही. पाळीव तळ्यांत या दोन जाती एकमेकींत मिसळतात, आणि जगात जिथे जिथे हा मासा नदीत सुटला तिथे असे मधले नमुने सापडलेत. आपल्या दुकानातला सकर काही अ‍ॅमेझॉनमधून विमानात बसून आलेला नाही. तो पिढ्यानपिढ्या आशियातल्या तळ्यांत निपजलेला आहे. आपल्याकडे शोभेच्या माशांचा धंदा मोठा आहे तो चेन्नईच्या कोळत्तूरमध्ये आणि बंगालात कोलकाता-हावड्याच्या भागात. तिथून ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत हे मासे गावोगाव पोचतात. त्या प्रवासात नाव कुठेतरी गळून पडतं. उरतं ते काम: काच साफ करणारा.

नावाचा हा घोळ फक्त आपलाच नाही. १९८० च्या दशकात ब्राझीलहून जर्मनीत इतके नवनवे चिलखती मासे येऊ लागले की शास्त्रज्ञांना वर्णन करायला वेळ पुरेना. तेव्हा ‘डाट्झ’ या जर्मन मासिकाने १९८८ मध्ये युक्ती काढली. प्रत्येक नव्या माशाला फोटोसह एक क्रमांक द्यायचा. एल-१, एल-२ असं. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच कळेल: बग सापडला की आधी तिकीट नंबर, नाव-निदान नंतर. आणि तिकिटांत होतात ते सगळे घोळ इथेही झाले. एकाच माशाला दोन नंबर मिळाले. एल-१ आणि एल-२२ हा एकच मासा निघाला, एल-८३ आणि एल-१६५ सुद्धा एकच. पण नंबर दिल्यामुळे एक झालं. माशाची नोंद राहिली, तो कुठल्या नदीतून आला ते राहिलं. एल-४६, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा झेब्रा प्लेको, त्यालाही शास्त्रीय नाव १९९१ मध्येच मिळालं. तो फक्त ब्राझीलच्या शिंगू नदीत सापडतो, आणि आज त्याचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराखाली नियंत्रित आहे. नोंद होती म्हणून तो संपत चाललाय हे कळलं तरी.

आता थोडं मागे जाऊ. काचेच्या पेटीत मासे ठेवायची हौस मुळात आली कुठून? १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिलं मत्स्यघर उघडलं, आणि ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द फिलिप गॉस या निसर्गलेखकाने पुढच्याच वर्षी रूढ केला. चिलखती मासे या हौसेत लवकर आले. डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत गोळा केलेल्या माशांत एक छोटा कोरी होता. १८४२ मध्ये लेनर्ड जेनिन्सने त्याचं वर्णन केलं. तोच हा ठिपक्यांचा कोरिडोरस पॅलिएटस, आणि १८७८ मध्ये पॅरिसमध्ये कार्बोनिएने त्याची पिल्लं पेटीत काढली. अलीकडे, २०२४ मध्ये, शास्त्रज्ञांनी कोरिडोरसचं मोठं कुळ फोडून अनेक कुळं केली, त्यात याचंही कुळनाव बदललं. दुकानदार मात्र कोरीच म्हणणार, आणि म्हणू दे.

आपल्याकडे मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झालं. शाळेच्या सहलीत तिथे गेलेल्या कितीतरी मराठी मुलांनी रंगीत परदेशी मासा पहिल्यांदा पाहिला तो तिथे. मग क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासची दुकानं, मग पुणे, नागपूर, आणि शेवटी यवतमाळसारख्या गावात भिंतीवर ट्यूबलाइट लावलेली पेटी.

पण या सगळ्यात एक गोष्ट आपण आपलीच शिकलो, आणि ती महत्त्वाची आहे. मासा पाण्यात सोडणं चांगलं असतं, हे. आठवा, शाळेच्या भिंतीवर काय लिहिलेलं असायचं? ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा.’ गप्पीसुद्धा दक्षिण अमेरिकेचाच. त्याच्या भावकीतला गंबुशिया १९२८ मध्ये डासांसाठी भारतात आणला गेला. मग १९५२ मध्ये मूळचा आफ्रिकेतला तिलापिया आला, लोकांना स्वस्त मासा मिळावा म्हणून. आपण त्याला चिलापी म्हणतो. भीमेवरच्या उजनीच्या जलाशयात आज चिलापीवर कितीतरी मच्छीमार घरं चालतात. म्हणजे परदेशी मासा दिसला की वाईट, असं माझं म्हणणं नाही. चिलापीनेही देशी माशांची जागा खाल्लीच, पण तो का आणला, खातो काय, विकतो कसा, हे विचार करून, निदान काहीतरी ठरवून झालं होतं. सकरच्या बाबतीत कुणी काहीच ठरवलं नाही. तो एकेका घरातून, एकेका बादलीतून पाण्यात गेला. पुण्य म्हणून.

आणि परिणाम? केरळात तिरुवनंतपुरमच्या चाक्कई कालव्यात तो सापडल्याची नोंद २००० नंतरच्या दशकातली आहे. मग गंगेत, बिहारमध्ये. मग कोलकात्याच्या पूर्वेच्या पाणथळ जागेत, जिथे सांडपाण्यावर मत्स्यशेती होते. आंध्रात तर त्याला लोकांनी सैतान मासा अशा अर्थाचं नाव दिलं. आपल्याकडे उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यात चिलापीच्या जागी सकर येऊ लागल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतल्या संशोधकांनी तर पूर्व घाटातल्या तळ्यांचं नुसतं पाणी तपासून, त्यातल्या डीएनएच्या अंशावरून, हा मासा कुठे कुठे पोचलाय ते शोधलं. मासा न पकडता!

ढीवर काकांचे बाकीचे प्रश्न आता घेऊ.

किती मोठा होतो? दीड फूट सहज. काच साफ करणारा म्हणून विकला जातो तेव्हा दोन इंच असतो, हाच सगळा खेळ.

अंडी किती देतो? एका वेळी शेकड्यांनी. नुसती देऊन जात नाही. काठाच्या मातीत हातभर, कधी त्याहून खोल बीळ खणतो, आणि नर आत बसून राखण करतो. एका काठाला अशी शेकडो बिळं पडली की काठ ढासळतो. मातीचा बांध, कालव्याची कड, शेततळं, सगळ्यालाच ते भोवतं.

पाणी आटलं तर मरतो का? सहज नाही. हा मासा हवा गिळून पोटाच्या भिंतीतून श्वास घेऊ शकतो. ओल असली तर पाण्याबाहेर कित्येक तास तग धरतो. आमच्यासारख्या भागात, जिथे उन्हाळ्यात तलावाचं डबकं होतं आणि देशी मासे तडफडतात, तिथे शेवटी उरेल तो हाच. मला वाटलं होतं दुष्काळी धरणात हा जगणार नाही. उलट होतं.

याला खातो कोण? हा सगळ्यात मोठा प्रश्न. चिलखत, वर काटे ताणून धरायची सवय. आपल्या पाण्यातल्या शिकाऱ्यांना तो गिळता येत नाही. माणसाने खावा तर कापायला कटकट, मांस थोडं, बाजारात भाव नाही. मच्छीमाराच्या बाजूने हिशेब सरळ आहे. जाळं फाटतं, सोडवताना हात फाटतात, आणि शेवटी हाती काही नाही. मेक्सिकोत बाल्सास नदीवरच्या इन्फिएर्निलो जलाशयात हेच मोठ्या प्रमाणावर झालं. तिथे चिलापीची मासेमारी मोठी होती. २००० नंतर जाळ्यात बहुतेक सकरच येऊ लागले, आणि हजारो मच्छीमारांचा धंदा बसला. म्हणजे चिलापी, मोठं धरण, वर सकर. उजनीची गोष्ट तिथे आधीच घडून गेली होती. आपण वाचली नव्हती एवढंच.

पण मंडळी, याच माशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. अ‍ॅमेझॉनच्या काठी याला ‘अकारी’ म्हणतात, मनाउसकडे ‘बोदो’. तिथे तो गरिबाचं अन्न आहे. निखाऱ्यावर चिलखतासकट भाजतात, चिलखतच त्याचं भांडं होतं. सांतारेमच्या भागात त्याला सुकवून, परतून त्याचा भरडा करतात, त्याला ‘पिराकुई’ म्हणतात. आपल्याकडे सुकटीची चटणी असते ना, त्याच घरातली गोष्ट. तिथे त्याला खाणारे पाणमांजर आहेत, मगरीच्या जातीचे केमन आहेत. तिथे त्याला नाव आहे, चूल आहे, शत्रू आहेत. तो तिथे सैतान नाही. आपण त्याला त्याच्या नावापासून, चुलीपासून, शत्रूपासून तोडून आणलं, कामावर ठेवलं, आणि कामाचा राहिला नाही तेव्हा दुसऱ्याच्या जाळ्यात ढकलला. सैतान म्हणायचंच तर कुणाला म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

आता ज्यांच्या घरी आधीच सकर आहे त्यांच्यासाठी. घाबरू नका, पण हिशेब करा.

एक. काच साफ करतो म्हणून त्याला उपाशी ठेवू नका. शेवाळ संपलं की तो खंगतो. पोट आत गेलेलं, डोळे खोल, म्हणजे उपाशी. रात्री दिवा बंद केल्यावर दुधीची किंवा काकडीची फोड दगडाला बांधून टाका, पालकाचं पान उकळत्या पाण्यातून काढून टाका, तळाला बसणाऱ्या गोळ्या द्या. सकाळी उरलेलं काढून घ्या. दोन. त्याला दडायला जागा आणि खरवडायला पाण्यातलं लाकूड लागतं. तीन. जाळीने पकडू नका, काटे अडकतात आणि ओढलं तर मोडतात. डब्यात हाकून घ्या. चार. मोठ्या झालेल्या सकरला सहा फुटांची पेटी आणि दणकट फिल्टर लागतो. दोन फुटांच्या पेटीत तो जगतो, पण ते जगणं नाही. आम्ही सात वर्षं ते केलं, म्हणून सांगतो.

आणि अजून आणला नसेल तर आणू नका. शेवाळ खाणारा छोटा मासा हवाच असेल तर ब्रिसलनोज घ्या, अँसिस्ट्रस कुळातला. तोही चिलखतीच, पण चार-पाच इंचांवर थांबतो, नराच्या नाकावर मिशांसारखे कोंब येतात. किंवा पाच-सहा कोरी घ्या, कळपात ठेवा. तेही बाहेर सोडायचे नाहीतच. दुकानात एकच प्रश्न विचारा: हा पूर्ण वाढ झाल्यावर केवढा होतो? दुकानदाराला माहीत नसेल तर पाठीवरच्या काड्या मोजा. दहाच्या वर गेल्या तर पिशवी परत द्या.

सांभाळणं अशक्य झालं तर दुकानाला परत द्या, मोठी टाकी असलेल्या माणसाला द्या. कुणीच घेत नसेल तर पशुवैद्यकांशी बोला. पण नदी, तलाव, विहीर, शेततळं, गणपती विसर्जनाचा हौद, यातलं काही नाही. आमच्या जिल्ह्यातलं पाणी वर्धेला जातं नाहीतर पैनगंगेला, आणि तिथून प्राणहितेने गोदावरीला. लोहाऱ्यात बादली उलटी केली तर तिचा हिशेब खाली तेलंगणापर्यंत, आंध्रापर्यंत कुणाच्या तरी जाळ्यात मांडला जातो.

आमच्या सकरचं पुढे काय झालं? धरणावरून परत आलो त्या पावसाळ्यात बाबांनी गच्चीवर सिमेंटची टाकी बांधून घेतली, छतावरचं पावसाचं पाणी त्यात येईल अशी. त्याला आता चौदा वर्षं झाली. मी नोकरीसाठी पुण्याला असतो, घरी आलो की रात्री टॉर्च घेऊन वर जातो. टाकीतलं घाण पाणी फेकत नाही, खालच्या लिंबाला आणि कढीपत्त्याला जातं. आजी आता पाण्यावरून बोलत नाही, लिंबं मोजते.

शास्त्रीय नाव अजून मी खात्रीने सांगू शकत नाही. टेरिगोप्लिक्थिसपर्यंत नक्की, पुढे पार्डालिस आणि डिसजंक्टिव्हसच्या मधला कुठलातरी. पण ते काका परत भेटले तर चारही प्रश्नांची उत्तरं देता येतील एवढं नक्की. मागच्या दोन उन्हाळ्यांत मी निळोण्याच्या काठी जाऊन आलो, भेट झाली नाही. जाळी वाळत घातलेली होती. मी जवळ जाऊन पाहिलं, त्यात कुठे सकर अडकल्याची खूण आहे का. नव्हती. तेवढ्यानं बरं वाटलं.

तुमच्या भागात तलावात, नदीत हा मासा कुणाला सापडला असेल तर पाठीच्या पंखाचा आणि पोटाचा असे दोन फोटो काढून पाठवा, जागा आणि तारीख लिहा. आणि मासा परत पाण्यात टाकू नका.